पगाराच्या स्लिपवरचे दोनशे रुपये आणि दुकानातून गेलेला दुधाचा डबा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्या-दोन महिन्यांनी एक तरी सीसीटीव्हीचा व्हिडिओ पडतोच. मागच्या वेळचा असा होता की एक बाई, कडेवर पोर, इकडंतिकडं बघते आणि बाळाच्या दुधाच्या पावडरचा डबा ओढणीखाली सरकवते. खाली लगेच सुरू, एक म्हणतो हात तोडा, दुसरी म्हणते बिचारी, तिसरा म्हणतो यांना काम करायला नको, चौथा म्हणतो काम आहे कुठं, मग कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं आणि विषय संपतो.

पण तो चौथा माणूस जे म्हणाला ते हल्ली बऱ्याच ठिकाणी ऐकू येतं, की वस्तीतल्या वस्तीत रोजगार द्या, गरिबी हटेल आणि दुकानातल्या चोऱ्याही थांबतील. ऐकायला छान आहे, पण म्हणजे नेमकं काय होतं, पैसा कुठून कुठं जातो, चोरीचा आणि कामाचा संबंध खरंच आहे का, हे कोणी नीट सांगत नाही. म्हणून हा प्रयत्न. मी अर्थतज्ज्ञ वगैरे नाही, पण शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मामाच्या किराणा दुकानात काढल्यात, तेवढं भांडवल आहे.

आधी हे बघू, चोरतं कोण

मामाचं दुकान चिंचवडला, एका बाजूला सोसायट्या आणि दुसऱ्या बाजूला वस्ती. गल्ल्याच्या मागं एक फळी आहे, तिच्यावर काय ठेवलंय बघितलं की सगळं कळतं: दाढीची ब्लेडं, सेल, केसांचं तेल, महागडी चॉकलेटं आणि बाळाच्या दुधाची पावडर. छोटं, महाग आणि पटकन विकता येईल असं. तूरडाळीचं पोतं कोणी चोरत नाही.

मामाचा एक शब्द आहे, 'घट'. वहीत माल आहे पण फळीवर नाही, ती घट. मॉलवाले यालाच श्रिंकेज म्हणतात. आता ही घट म्हणजे सगळी गिऱ्हाइकाची चोरी असं लोक धरून चालतात, तिथंच पहिली चूक होते. उंदीर, फुटलेल्या पिशव्या, एक्स्पायरी, बिल करताना झालेल्या चुका, आणि (मामा हे आवाज खाली आणून सांगतात) कामावरच्या माणसानं मारलेला हात, हे सगळं त्यात येतं. ही गल्लत फक्त आपल्याकडं होते असं नाही. अमेरिकेत दुकानदारांची जी मोठी संघटना आहे, नॅशनल रिटेल फेडरेशन, तिनं २०२३ मध्ये सांगितलं की साडेचौऱ्याण्णव अब्ज डॉलरच्या घटीतला जवळजवळ निम्मा भाग संघटित टोळ्यांमुळं जातो. पेपरांनी छापलं, पुढाऱ्यांनी भाषणं केली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात संघटनेनंच तो दावा गुपचूप मागं घेतला, कारण तो निम्म्याचा आकडा मुळात एका जुन्या वर्षाच्या सगळ्या घटीचा होता, टोळ्यांचा नव्हता.

मग खरी चोरी कोण करतं? मामाच्या हिशोबानं चार जण. एक टोळीवाले, हे गाडीनं येतात, चार बायका साड्या बघतात आणि पाचवी पिशवी भरते, यांचा गरिबीशी फार संबंध नाही, तो त्यांचा धंदा आहे. दुसरे नशेकरी. तिसरी पंधरा-वीस वर्षांची पोरं, जी थोडी गरजेपायी आणि बरीचशी रिकामी आहेत म्हणून करतात. आणि चौथे ते, ज्यांच्या घरात त्या आठवड्यात खरंच काही नाही. रोजगाराचा औषधासारखा उपयोग व्हायचा तर तो तिसऱ्या आणि चौथ्यावर होईल, दुसऱ्यावर थोडाफार, पहिल्यावर शून्य. जो कोणी सांगतो की नोकऱ्या दिल्या की चोऱ्या बंद, त्याला मामाच्या दुकानात आठ दिवस बसवा.

मग कायदा कडक करा ना

हा पहिला प्रश्न येतोच. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली. चोरीचं कलम आता ३०३, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण त्यात एक नवी गोष्ट घातलीये, माल पाच हजारांच्या आतला असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत दिली तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा. आणि एवढ्या रकमेची चोरी अदखलपात्र, म्हणजे दुकानदार चौकीत गेला की बहुतेक वेळा एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून घेतात आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस पुढं तपास करत नाहीत.

दुकानदार यावर चिडतात आणि त्यांचं चिडणं मला समजतं, महिन्याला हजार-दोन हजारांचा माल गेला तर तो त्यांच्या नफ्यातूनच जातो. पण चारशेच्या डब्यासाठी एखाद्या बाईला तीन महिने आत ठेवलं तर बाहेर तिच्या पोराचं काय आणि बाहेर आल्यावर तिला काम कोण देणार, हा हिशोबही आहेच. समाजसेवेची शिक्षा मला व्यक्तिशः बरी वाटते. ती नीट राबवायला महापालिकेकडं कामांची यादी लागेल, आणि ही यादी पुढं आपल्याला परत लागणारे.

गरिबी म्हणजे पैसे कमी, की पैसे कधी येतील ते माहीत नाही

सकाळी साडेसातला कुठल्याही मोठ्या चौकातल्या मजूर अड्ड्यावर जाऊन उभं राहा. पुरुषांच्या हातात थापी, ओळंबा, बायकांकडं घमेलं आणि डब्याची पिशवी. टेम्पो येतो, मुकादम बोट दाखवतो, तू, तू आणि तू. भाव तिथंच ठरतो. नऊपर्यंत धडधाकट गेलेले असतात. साडेदहाला जे उरतात ना, वयस्कर, पायाला लागलेलं, लहान पोर सोबत असलेली बाई, ते बराच वेळ तसेच बसून राहतात, कारण लगेच घरी गेलं तर शेजारी विचारतात आज खाडा का.

आता गंमत बघा. सरकारची जी बेरोजगारीची पाहणी असते, पीएलएफएस, तिच्या चालू साप्ताहिक हिशोबात माणसानं आठवड्यातल्या एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं तरी तो कामावर धरला जातो. ही व्याख्या जगभर चालते, लबाडी नाहीये. पण त्यामुळं होतं असं की अड्ड्यावरचा माणूस आठवड्यातून दोन दिवस लागला तरी कागदावर तो बेरोजगार नाही, आणि घरी मात्र पाच दिवसांचा खाडा. शहरातली गरिबी बऱ्याचदा अशी असते, लागला त्या दिवशी सातशे-आठशे हातात पडतात, वाईट नाही, पण सलग चार दिवस नाही लागला की सावकाराकडून नाहीतर मुकादमाकडून उचल घ्यायची, आणि उचल फेडता फेडता पुढचा महिना जातो.

म्हणून मला वाटतं प्रश्न जास्त पगाराच्या नोकरीचा नंतर येतो, आधी खाड्याचा येतो. त्या न लागलेल्या दिवशी जवळपास कुठंतरी कमी पैशाचं का होईना पण हमखास काम असेल तर उचल लागत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला विहिरीचं जे मोल असतं तेच, पाऊस पडला तर तिच्याकडं कोणी बघत नाही, पण नाही पडला तर तीच पीक वाचवते.

वस्तीत पैसा फिरतो म्हणजे काय

अर्थशास्त्रात याला गुणक म्हणतात, मल्टिप्लायर. शब्द एकदा सांगितला, आता विसरा, गिरणगाव आठवा.

परळ-लालबागच्या गिरण्यांत काम करणारे कितीतरी जण एकटे, बायकोपोरं कोकणात नाहीतर घाटावर. ते जेवायला खानावळीत. खानावळ म्हणजे चाळीतल्याच एका खोलीत एक बाई वीस-पंचवीस डबे करणार. गिरणीचा पगार झाला की त्यातला भाग बाईकडं, बाईकडून वाण्याकडं, वाण्याकडून हमालाकडं, हमालाकडून चांभाराकडं, न्हाव्याकडं, भिशीत. एकच नोट चार घरं फिरून जायची. या खानावळवाल्या बायांची एवढी मोठी संख्या होती की १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं.

मग १८ जानेवारी १९८२, डॉ. दत्ता सामंतांचा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. कागदोपत्री तो संप कधी मागं घेतलाच गेला नाही. पगार थांबला तसा खानावळीची चूलही थंडावली, वाण्याची उधारी बुडाली, आणि ज्यांच्या बापाचा गिरणीत पास, म्हणजे कामाचं कार्ड, होता अशा पोरांना तो पास मिळायचा बंद झाला. त्याच वर्षांत त्याच गल्ल्यांतून गँगमध्ये भरती वाढली आणि दुकानदारांना हप्त्याच्या चिठ्ठ्या यायला लागल्या. एकामुळंच दुसरं झालं असं मी म्हणणार नाही, गँगा आधीपासून होत्या आणि त्यामागं दारू, सोनं, जमिनी असं बरंच होतं. पण बिनकामाची पोरं कुठनं मिळाली, याचं उत्तर त्या भागातले म्हातारे आजही एका वाक्यात देतात, गिरणीचं गेट बंद झालं म्हणून.

आता उलटं बघा. वस्तीतल्या शंभर जणांना काम मिळालं पण ते तीस किलोमीटर लांब असेल तर भाड्यात, बाहेरच्या चहात, लांबच्या मॉलमध्ये बराच पैसा गळून जातो. काम जवळ असेल तर तो मामाच्या दुकानात येतो. ज्या दुकानातून डबा चोरीला जातो तेच दुकान या पगाराचं पहिलं गिऱ्हाईक मिळवतं, हे दुकानदारांच्या बैठकीत कोणी बोलत नाही.

याला पुरावा काय, की नुसत्या गप्पा

शिकागोत एक प्रयोग झाला. गुन्हेगारी जास्त असलेल्या भागांतल्या १३ हायस्कुलांतली १६३४ पोरं घेतली आणि चिठ्ठ्या टाकून काहींना उन्हाळ्यात आठ आठवडे काम दिलं, आठवड्याला पंचवीस तास, किमान वेतन. चिठ्ठ्या का टाकल्या, तर नाहीतर आधीच शहाणी पोरंच कामाला येतात आणि आपण म्हणतो कामामुळं सुधारली. सारा हेलर या संशोधिकेनं २०१४ मध्ये निकाल छापला: काम मिळालेल्या गटात पुढच्या सोळा महिन्यांत हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी. आणि ही घसरण बरीचशी काम संपल्यानंतर दिसली, म्हणजे पोरं नुसती कामात अडकली होती म्हणून शांत होती असं नाही.

पण, आणि हा पण मोठा आहे, त्याच प्रयोगात चोरीसारख्या गुन्ह्यांत म्हणावा असा फरक दिसला नाही. बोस्टनच्या अशाच योजनेच्या अभ्यासात मात्र हिंसा आणि मालमत्तेचे गुन्हे दोन्ही कमी झालेले दिसले. म्हणजे मारामाऱ्या कमी होतात याला पुरावा बरा आहे, दुकानातल्या चोऱ्यांबाबत तो डळमळीत आहे. जे आहे ते असं आहे.

आपल्याकडचं एक उदाहरण मला यापेक्षा जवळचं वाटतं. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायका पहाटे पोतं घेऊन फिरायच्या, आणि सोसायटीत काही गेलं की पहिला संशय त्यांच्यावर, पोलिसांनी पोतं रस्त्यावर उपडं करायचं. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, मग ओळखपत्रं आली, आणि २००८ मध्ये स्वच्छ ही त्यांचीच सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करायला लागली. बाई तीच, कचरा तोच, पण आता तिला जिन्यावरून थेट चौथ्या मजल्यापर्यंत जाऊ देतात, दारं उघडी असतात. इथं कामानं तिचा खिसा तर भरलाच, पण चोर म्हणून बघण्याची नजरही बदलली, आणि हे दुसरं पैशात मोजता येत नाही.

म्हणजे गरीब लोक चोर असतात असं म्हणायचंय का

अजिबात नाही, आणि या मुद्द्यावर आपल्या राज्याचं खातं चांगलं नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, सोलापूरला तर तारेच्या कुंपणात त्यांच्या वस्त्या केल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला. पण आजही कुठं घरफोडी झाली की पारध्यांच्या पालावर गाडी जाते आणि पोरांना उचलते. अशा पोराला सिक्युरिटीची, डिलिव्हरीची नोकरी कशी लागणार, पोलीस व्हेरिफिकेशनच्या कागदातच तो अडकतो. अड्ड्यावरचे शेकडो लोक रोज उपाशी परत जातात आणि वाटेत कुठल्या दुकानात हात घालत नाहीत.

रोजगार हमी गावाला, मग शहराला का नाही

हा माझा आवडता भाग. रोजगार हमी ही कल्पनाच महाराष्ट्राची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला प्रयोग केला, मग १९७२ चा दुष्काळ पडला आणि खडी फोडायला, पाझर तलावाच्या मातीकामाला लाखो माणसं आली. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. मागेल त्याला काम. पुढं २००५ मध्ये केंद्रानं देशभरासाठी कायदा केला, वर्षाला १०० दिवस, मागितल्यापासून पंधरा दिवसांत, शक्यतो घरापासून पाच किलोमीटरच्या आत, नाहीतर भत्ता. नंतर नाव-नियम बदलले पण ती हमी ग्रामीणच राहिली.

आणि पैसा कुठून आला माहितीये? तुमची पगाराची स्लिप काढा. पीटी नावानं दर महिन्याला २०० रुपये जातात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. हा व्यवसाय कर १९७५ मध्ये बसवला तो रोजगार हमीसाठी. म्हणजे शहरातल्या कारकुनाच्या, गिरणी कामगाराच्या, बँकेतल्या बाईच्या पगारातून दुष्काळी तालुक्यातल्या माणसाची मजुरी निघाली, आणि वरून सरकार तेवढीच भर घालायचं. मला हे कळलं तेव्हा त्या दोनशे रुपयांबद्दलचा राग जरा कमी झाला. पण प्रश्न पडला की तोच मजूर गाव सोडून चिंचवडच्या अड्ड्यावर आला की त्याची हमी वेशीवरच का संपते?

काही राज्यांनी करून बघितलंय. केरळनं २०१० मध्ये अय्यंकाली योजना आणली, कोविडनंतर हिमाचल, ओडिशा, झारखंड, तामिळनाडू, आणि राजस्थाननं सप्टेंबर २०२२ मध्ये शहरांत १०० दिवसांची. तिथं साध्या कामाला तेव्हा दिवसाला २५९ रुपये मिळायचे. आपल्याकडच्या अड्ड्याच्या भावापुढं हे काहीच नाही, धडधाकट गवंडी २५९ साठी कशाला येईल. पण साडेदहाला उरलेली जी माणसं मी वर सांगितली, ती येतील. हमीची मजुरी अशी कमी ठेवण्यात एक शहाणपण असतं, ज्याला दुसरं काही मिळतं तो आपोआप तिकडं जातो, यादी तपासायला कारकून लागत नाही.

आपल्या राज्यात २०२४ पासून युवा कार्य प्रशिक्षण आहे, लोक ज्याला लाडका भाऊ म्हणतात, शिक्षणाप्रमाणं सहा, आठ, दहा हजार. ते प्रशिक्षण आहे, हमी नाही, मुदत संपली की पोरगं परत घरी.

शहरात काम काय देणार, तिथं पाझर तलाव थोडेच खणायचेत

बरोबर, आणि ही खरी अडचण आहे. गावाचा नियम होता की खर्चातले साठ टक्के मजुरीवर जावेत, मातीकामात ते बसतं, शहरात तसं नाही. पण कामं नाहीत असं कोण म्हणेल? पावसाळ्याआधीची गल्लीबोळांतली गटारं, कचऱ्याचं वर्गीकरण, मनपा शाळांच्या भिंती आणि संडास, बागा, अंगणवाडीत एक जास्तीचा हात, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणं. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी २०२० मध्ये सुचवलं होतं की सरकारनं शाळा-दवाखान्यांसारख्या सार्वजनिक संस्थांना 'जॉब स्टॅम्प' द्यावेत, एक स्टॅम्प म्हणजे एका माणसाचं एक दिवसाचं काम, मजुरी सरकार देणार, काम संस्था ठरवणार. मला यातलं हे आवडतं की मुख्याध्यापकाला माहीत असतं कुठला नळ गळतोय, मंत्रालयाला नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. आज कायम सफाई कामगार करतात ते काम या लोकांकडून अर्ध्या पैशात करून घ्यायचं, हे झालं तर तो रोजगार नाही, ती कंत्राटदारीच.

पैसे कुठून, आणि खाणारे खाणारच ना

साधं गणित करू. मजुरी ५०० धरली, १०० दिवस, एका माणसाचे ५० हजार. म्हणजे पगारदार वीस जणांचा वर्षाचा व्यवसाय कर. हजार माणसांना पाच कोटी, वर साहित्य आणि देखरेख वेगळी. पुणे, पिंपरी-चिंचवडसारख्या महापालिकांचं बजेट हजारो कोटींत असतं. छोट्या नगरपालिकेला हे झेपणार नाही, तिथं राज्यालाच उतरावं लागेल.

खाण्याचं म्हणाल तर रोहयोतही मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, मेलेली माणसं हजर होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. शहरात उलट एक सोय आहे, मस्टर वॉर्डाच्या भिंतीवर लावलं तर गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत असतं कोण कामावर आहे आणि कोण दुबईत. गावाकडून लोंढे येतील ही भीतीही घालतात. येतील थोडे, पण त्या शहरातला रहिवासाचा पुरावा आणि कमी मजुरी या दोन गोष्टी असताना कोणी अडीचशे-पाचशेसाठी घर सोडून भाड्याच्या खोलीत येईल असं मला वाटत नाही.

आणि ज्याला कोणाचा पगार नकोय, नुसती जागा हवीये, त्याचं काय? २०१४ च्या कायद्यानुसार शहरानं लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घ्यायचंय. एकीकडं रोजगार निर्मितीची बैठक आणि त्याच दिवशी अतिक्रमणची गाडी वडापावचा गाडा उचलते, हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

पण आम्हाला तर कामाला माणसंच मिळत नाहीत

हे मामाचं वाक्य. दुकानावर 'मुलगा पाहिजे' ची पाटी चार महिने लटकत होती. सकाळी आठ ते रात्री दहा, महिन्याला नऊ हजार, रविवारी अर्धा दिवस सुट्टी. मी म्हणालो, मामा, शहरात हमीचं काम आलं ना तर तुम्हाला या पैशात कोणीच मिळणार नाही, पगार वाढवावा लागेल. ते म्हणाले, म्हणजे चोरी कमी होणार ती माझी आणि खर्च वाढणार तोही माझाच का. मी म्हणालो, गिऱ्हाईकही तुमचंच वाढेल. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, दुधाच्या पावडरचे डबे मोजत होते, अकरा भरले, वहीत बारा होते.

मागच्या आठवड्यात गेलो तर पाटी काढलेली. वस्तीतलाच एक पोरगा लागलाय, तेरा हजार, आठला सुटी. गल्ल्यामागच्या फळीची किल्ली मामांनी त्याच्याकडं दिलीये.